करकर, धप्पकन, खळ्ळकन: इंग्रजी कॅप्शनमध्ये आवाजांना नाव कसं द्यायचं

कॅप्शनिंगची, म्हणजे ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी पडद्यावर संवाद आणि आवाज लिहून दाखवायच्या कामाची, पहिली टेस्ट दिली तेव्हा माझी फाइल परत आली आणि तिच्यावर लाल खुणा इतक्या की मला थेट दहावीचा भूमितीचा पेपर आठवला. सहा मिनिटांचा सीन होता. दार उघडतं, बाहेर पाऊस, कोणीतरी जिना चढतंय, स्वयंपाकघरात भांडं पडतं, बाई दचकते. मी काय लिहिलं होतं, तर ‘साउंड ऑफ डोअर’, ‘साउंड ऑफ रेन’, ‘साउंड ऑफ फुटस्टेप्स’, ‘साउंड ऑफ वेसल’. खाली तपासणाऱ्याचा शेरा होता की आवाज आहे हे कळलं, कसला आहे ते सांगा. आणि दुसरा शेरा, की या सीनमध्ये जहाज कुठून आलं? कारण वेसल म्हटलं की बाहेरच्या वाचकाला आधी जहाज दिसतं, आपल्याला पातेलं दिसतं.

मी मराठी शाळेतली, चिपळूणकडची. इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, पण दार इंग्रजीत कसं वाजतं हे कोणी शिकवलंच नव्हतं, व्याकरणाच्या पुस्तकात ‘डॉग्ज बार्क, काऊज मू’ एवढ्यावर धडा संपतो. आता ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं अशा प्रेक्षकांसाठी कॅप्शन लिहायचं काम बरेच जण शोधतायत, आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यानंतर मार्च २०२४ मध्ये सिनेमागृहांसाठीही केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामुळे या कामाचं नाव तरी लोकांच्या कानावर पडायला लागलंय. तर मी ज्या खड्ड्यात पडले तो तुम्हाला आधीच दाखवून ठेवते. कॅप्शनिंग करायचं नसेल, नुसती इंग्रजीत गोष्ट किंवा ब्लॉग लिहायचा असेल तरी पायरी १ ते ८ तुमच्या कामाच्या आहेत.

आधी हे जमवून ठेवा

- कान झाकणारे हेडफोन. लॅपटॉपच्या स्पीकरवर थड आणि थम्प यातला फरक कळत नाही, कितीही कान दिलात तरी.
- सबटायटल एडिट हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. सुरुवातीला पैसे भरून काहीही घेऊ नका.
- शिकणाऱ्यांसाठीची इंग्रजी डिक्शनरी, ऑक्सफर्ड लर्नर्स किंवा केंब्रिज, दोन्ही ऑनलाइन आहेत आणि उच्चार ऐकवतात.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येते. हसू नका. आपल्या खळखळ, खडखड, फडफड असल्या शब्दांची त्या माणसाने जी दखल घेतलीये ती बघून मी थक्क झाले, अमुक आवाजाची नक्कल असं सांगून इंग्रजीत तो आवाज शब्दांनी उभा करतो. इंग्रजी जुनं आहे, जसंच्या तसं उचलू नका, पण दिशा मिळते.
- बीबीसीचं साउंड इफेक्ट्सचं भांडार, ३३ हजाराहून जास्त आवाज आहेत आणि प्रत्येकाखाली इंग्रजीत वर्णन आहे. शिकण्यासाठी वापरायला परवानगी आहे. दुसरं फ्रीसाउंड, बार्सिलोनाच्या विद्यापीठात २००५ मध्ये सुरू झालेलं.
- काम मिळालंच तर पॅन कार्ड, रद्द केलेला चेक, आणि गुप्ततेच्या करारावर सही. करार वाचून सही करा, कारण सिरीज यायच्या आधी मावशीलासुद्धा कथा सांगायची नसते.

पायरी १: व्हॉइस, साउंड, नॉइज यांची भांडणं आधी मिटवा

मराठीत ‘आवाज’ हा एकटा शब्द तिघांचं काम करतो, लताबाईंचा आवाज, पंख्याचा आवाज आणि वरच्या मजल्यावरच्या पोरांचा आवाज, सगळं आवाजच. इंग्रजीत व्हॉइस फक्त माणसाचा, फार तर बोलणाऱ्या यंत्राचा. गाडीच्या इंजिनातून ‘व्हॉइस’ येतोय असं मेकॅनिकला लिहून पाठवलंत तर त्याला वाटेल आत कोणी बसलंय. साउंड म्हणजे कुठलाही आवाज, चांगला वाईट काही नाही. नॉइज म्हणजे नको असलेला किंवा कसला ते न कळलेला. गाडीच्या तक्रारीत म्हणून नॉइज बरोबर बसतो, ‘ग्राइंडिंग नॉइज’ लिहिलं की ब्रेक लावल्यावर घासल्यासारखं खरखरतंय हे कळतं.

आणि ‘साउंड केम’ हे डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे आवाज येतो. इंग्रजीत आवाज येत बसत नाही, वस्तूच तो करते: दार क्रीक करतं, पंखा व्हर करतो, पाऊस पॅटर करतो. पायरी ३ मध्ये यावर अजून आहे.

पायरी २: आधी मराठीत ऐका

ही पायरी मला कुठल्या कोर्समध्ये नाही मिळाली, स्वतःच सापडली, आणि माझं निम्मं काम हिच्यावर चालतं. आवाज ऐकला की लगेच इंग्रजी शब्द शोधायला धावू नका, आधी आजी असती तर तिने काय म्हटलं असतं ते मनात म्हणा. कारण आपल्या भाषेत आवाज तीन खणांत आधीच लावून ठेवलेले आहेत.

पहिला खण ‘कन’चा. धप्पकन, खळ्ळकन, टणकन, फाडकन, सर्रकन. म्हणजे एकदाच आणि अचानक.

दुसरा खण जोडशब्दांचा. टपटप, करकर, खडखड, सळसळ. म्हणजे होत राहतंय, थांबलेलं नाही.

तिसरा ‘आट’वाल्यांचा, गडगडाट, खणखणाट, कडकडाट, किलबिलाट. म्हणजे मोठा आहे, भरून राहिलाय, बाकीचं ऐकू येत नाही.

आता गंमत बघा. अमेरिकेत डीसीएमपी म्हणून एक संस्था आहे, तिची ‘कॅप्शनिंग की’ नावाची नियमावली कोणालाही वाचायला मिळते, त्यात सांगितलंय की आवाज एकदाच झाला तर साधा वर्तमानकाळ लिहा, चालू राहिला तर आयएनजी लावा. कुत्रा एकदा भुंकला तर ‘डॉग बार्क्स’, भुंकतच राहिला तर ‘डॉग बार्किंग’. म्हणजे आपला ‘कन’ आला की शेवटी एस, जोडशब्द आला की आयएनजी! हे लक्षात आलं त्या दिवशी मी अक्षरशः खुर्चीवरून उठले. दार धाडकन आपटलं, ‘डोअर स्लॅम्स’. दार वाऱ्याने करकरतंय, ‘डोअर क्रीकिंग’. काच खळ्ळकन फुटली, ‘ग्लास शॅटर्स’. नळ टपटप गळतोय, ‘फॉसेट ड्रिपिंग’. आणि ‘आट’ असेल तर आयएनजी शिवाय जोराचा एखादा शब्द, ‘थंडर रंबलिंग लाउडली’. भूतकाळ मात्र कधीच नाही. आवाज पडद्यावर आत्ता होतोय, ‘डोअर स्लॅम्ड’ लिहिलंत तर तो होऊन गेला.

यात एक सापळा आहे. आपली द्विरुक्ती इंग्रजीत नेऊ नका. ‘नॉक नॉक’ लिहिण्याचा मोह होतो कारण विनोदांमध्ये वाचलेलं असतं, पण कॅप्शनमध्ये ‘नॉकिंग ऑन डोअर’. दोनदा लिहिलं की ते लहान मुलांच्या गोष्टीतलं वाटतं.

पायरी ३: नाव नको, क्रियापद घ्या

‘द साउंड ऑफ ब्रेकिंग ग्लास’ हे चुकीचं नाही, पण लांब आहे आणि पडद्यावर जागा नसते. एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, असा नेटफ्लिक्सच्या स्टाइल गाइडचा नियम आहे, बरेच जण तोच पाळतात, ती गाइड ऑनलाइन उघडी आहे, टेस्टच्या आधी दोनदा वाचा. ‘ग्लास शॅटर्स’ बारा-पंधरा अक्षरांत संपतं.

इंग्रजीत आवाजाचा बहुतेक शब्द नाम पण असतो आणि क्रियापद पण. ‘अ थड’ आणि ‘इट थड्स’. फक्त काही शब्द हट्टी आहेत. थंडर आणि अप्लॉज मोजता येत नाहीत, ‘टू थंडर्स’ होत नाही, ‘थंडर क्लॅप्स’ किंवा गोष्टीत लिहिताना ‘अ क्लॅप ऑफ थंडर’. टाळ्यांचं पण तसंच, ‘अ राउंड ऑफ अप्लॉज’, नुसतं ‘ऑडियन्स अप्लॉडिंग’ सगळ्यात सोपं.

आता अलार्मचं. ‘द अलार्म वेंट ऑफ’ याचा अर्थ अलार्म बंद झाला असा माझा कित्येक वर्षं पक्का समज होता, आणि मी एका सीनच्या मराठी सबटायटलमध्ये तसंच ठेवून दिलं होतं, चोर आत शिरतात आणि अलार्म बंद होतो आणि तरी सगळे पळतायत. उलटं आहे. गो ऑफ म्हणजे वाजायला लागणं. बॉम्ब, बंदूक, फटाका, अलार्म, सगळ्यांना तेच. आपण इंग्रजीत ‘क्रॅकर्स बर्स्ट’ म्हणतो, तिकडे ‘फायरक्रॅकर्स गो ऑफ’ किंवा ‘फायरक्रॅकर्स पॉपिंग’.

पायरी ४: शब्दाच्या तोंडावरून आवाज ओळखायला शिका

इंग्रजीतले हे शेकडो शब्द पाठ करायला बसलात तर आठ दिवसांत सोडून द्याल. त्यांचे गोत्रं आहेत, गोत्रं ओळखा.

एसएनने सुरू होणारे बरेच शब्द नाकाशी जातात: स्निफ, स्नीझ, स्नोअर, स्नॉर्ट. सीएलने सुरू झाले की दोन कडक वस्तू आपटतायत: क्लिक, क्लिंक, क्लँक, क्लँग, क्लॅटर, क्लॅप. डब्ल्यूएचवाल्यांत हवा हलते: व्हूश, व्हिसल, व्हीझ, व्हर. शेवटी एएसएच आला की जोराची आपटाआपटी किंवा पाणी, क्रॅश, स्मॅश, स्प्लॅश. शेवटी एलई आला तर छोटे छोटे बरेच आवाज एकामागे एक, रॅटल, क्रॅकल, टिंकल, जिंगल. हे बहुतेक आपल्या जोडशब्दांचे सख्खे भाऊ, रॅटल म्हणजे खडखड, टिंकल म्हणजे किणकिण. एसएन, सीएल असल्या अर्थ सुचवणाऱ्या अक्षरजोड्यांना फर्थ नावाच्या इंग्रज भाषातज्ज्ञाने १९३० मध्ये फोनेस्थीम असं नाव दिलं, आणि हा माणूस त्याआधी १९१९ ते १९२८ लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता. तिथल्या भाषांमधली आपल्यासारखीच छनछन-खटखट रोज कानावर पडून त्याला हे सुचलं असेल का, असं मला उगाच वाटत राहतं. पुरावा काही नाही हं.

मराठीत पण हे आहेच की. फ आला की हवा: फुंकर, फुत्कार, फुसफुस, फुर्र. घ आला की घुमणं: घरघर, घोंघावणं, घोरणं. फक्त आपण कधी थांबून ऐकलेलं नसतं. अर्थात हा नियम नाही, खूण आहे, स्नेक आणि स्नो पण एसएननेच सुरू होतात आणि त्यांचा नाकाशी काही संबंध नाही.

स्वर पण ऐका. आतला स्वर ‘इ’ असेल तर आवाज बारीक, वस्तू छोटी. ‘अ’ किंवा ‘उ’कडे गेला की जड आणि बद्द. क्लिंक म्हणजे दोन काचेचे ग्लास टेकले, क्लँक म्हणजे साखळदंड किंवा लोखंडी बादली, क्लंक म्हणजे गाडीच्या खालून काहीतरी बद्दकन झालं आणि तुमच्या पोटात गोळा आला. क्लँग मात्र घुमतो, देवळातली मोठी घंटा कोणीतरी उत्साहाने हाणली की तो क्लँग. लांब ‘ई’ म्हणजे कर्कश, स्क्वीक, स्क्वील, स्क्रीच. लांब ‘ऊ’ म्हणजे खोल, बूम, हूट, मू.

जोडीने येणाऱ्या शब्दांत ‘इ’वाला कायम पुढे: टिक-टॉक, डिंग-डाँग, पिटर-पॅटर, क्लिप-क्लॉप. टॉक-टिक कोणी म्हणत नाही. पिंग-पाँग हे खेळाचं नाव तर चेंडूच्या आवाजावरूनच पडलं आणि १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याचा ट्रेडमार्क झाला. बूट बंद करायच्या सरकत्या साखळीला १९२३ मध्ये एका अमेरिकन रबर कंपनीने झिपर नाव दिलं ते ‘झिप’ आवाजावरून. आपली फटफटी आणि खुळखुळा कुठे कमी आहेत म्हणा!

पायरी ५: घरापासून सुरुवात करा

मी एक आठवडा वही घेऊन आईच्या घरी बसले होते. जे वाजेल ते आधी मराठीत लिहायचं, मग इंग्रजी शोधायचं. तुम्हीही करा, वहीत आलेले शब्द विसरले जात नाहीत.

स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त माल आहे. मोहरी तडतडते, ती भारतीय इंग्रजी रेसिपीत ‘स्प्लटर’ होते, कॅप्शनमध्ये मी ‘मस्टर्ड सीड्स क्रॅकलिंग’ लिहिते. भजी तेलात सोडली की चुर्र होतं तो सिझल. फोडणी वरणावर ओतली की चर्रकन आवाज येतो तो पण सिझलच, पण एकदाच, म्हणून ‘ऑइल सिझल्स’. आमटी रटरटतेय, ‘बबलिंग’. कुकरच्या शिट्टीचं काय लिहायचं यावर माझा एकदा वाद झाला होता, बाहेरच्या तपासणाऱ्याचं म्हणणं कुकर हिस करतो, माझं म्हणणं आमचा कुकर व्हिसल करतो आणि तीन व्हिसलनंतर गॅस बंद करतात. शिट्टीच्या आधी जे सूं सूं चालतं ते हिस. शेवटी दोन्ही ठेवले, आधी ‘हिसिंग’, मग ‘कुकर व्हिसल्स’. स्टीलचं ताट पडून गरगरत वाजत राहतं त्याला क्लॅटर. पापड मोडला, ‘क्रंच’.

पाऊस. इथे नवीन माणूस हमखास ‘ड्रिझल’ लिहितो. ड्रिझल हा पावसाचा प्रकार आहे, आवाज नाही, रिमझिम दिसते पण कॅप्शनमध्ये काय ऐकू येतं ते हवं. पानांवर हलका पडतोय तर पॅटर. खिडकीवर सपासप बसतोय तर लॅशिंग. आणि कोकणातल्या पत्र्यावर जूनचा पाऊस पडतो, ज्यात शेजारी बसलेल्याला ओरडून सांगावं लागतं, त्याला ‘रेन ड्रमिंग ऑन टिन रूफ’. हे वाक्य पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला घरी गेल्यासारखं झालं. पागोळ्या मात्र ड्रिपिंग.

ढगांचं आणि विजेचं वेगळं ठेवा. गडगडाट म्हणजे रंबल, कडकडाट म्हणजे क्रॅक. नवीन लोक दोन्हीकडे ‘थंडर साउंड’ लिहून मोकळे होतात.

बाकी पटापट. पानं सळसळली, रसल, यातला टी म्हणायचा नाही, रस्टल नाही. पैंजण छुमछुम, ‘अँकलेट्स जिंगलिंग’. बांगड्या किणकिण, ‘बँगल्स क्लिंकिंग’. ओढा खळखळतोय, गर्गल किंवा बॅबल. जुना पंखा घरघरतोय तर व्हर, त्याचं पातं सैल असेल आणि खटखट होत असेल तर रॅटल. एसटीच्या खिडक्या पण रॅटल, यात दुमत नाही. बिजागरी करकरते ती क्रीक, आणि हे स्पेलिंग बघून लिहा, सी-आर-ई-ए-के. दोन ई लिहिलेत तर खाडी होते, उच्चार तोच, मी एकदा अख्ख्या भुताच्या एपिसोडमध्ये दारांच्या जागी खाड्या वाहवल्यात. नवीन बूट फरशीवर चुईंचुईं करतात तो स्क्वीक. मच्छर कानाशी, व्हाइन. माशी, बझ. हॉर्न, हाँक. ‘ब्लो हॉर्न’ आपल्या ट्रकच्या मागे छान दिसतं.

मिरवणूक आली तर ‘ड्रम्स प्लेइंग’ लिहू नका हो. ढोल वेगळा, ताशा वेगळा. ‘ढोल बूमिंग’, ‘ताशा रॅटलिंग’, ‘सिम्बल्स क्लॅशिंग’. वाद्याचं नाव आपलंच ठेवा, क्रियापद इंग्रजी घ्या. शंख ‘कॉंच ब्लोइंग’, तुतारी ब्लेअर करते. एका सीनमध्ये आरतीचे टाळ कोणीतरी आधी ‘मेटॅलिक नॉइज’ लिहून ठेवले होते, मला वाचून वाईट वाटलं खरंच.

पायरी ६: माणसं

इथे सावकाश जा, कारण कथा इथेच घडते. पंख्याचा शब्द चुकला तर चालून जाईल, रडण्याचा चुकला तर पात्र बदलतं.

क्राय हा सगळ्यात ढोबळ. हमसून हमसून रडतेय तर सॉब. नाक ओढत मुसमुसतेय तर स्निफल. घाबरून किंवा दुखून बारीक आवाजात कण्हतंय, कुत्र्याचं पिल्लू किंवा लहान मूल, तर व्हिम्पर. मोठ्याने टाहो फोडलाय तर वेल. आपल्याकडच्या अंत्ययात्रेच्या सीनला वेलिंग लागतं, सॉबिंग पुरत नाही.

हसण्यात पण तसंच. स्वतःशी हसला, चकल. पोरी खिदळतायत, गिगल. कोणाची तरी फजिती बघून फिदीफिदी, स्निकर. खलनायक किंवा म्हातारी चेटकीण, कॅकल. खो खो ला गफॉ असा शब्द आहे पण तो कॅप्शनमध्ये जड वाटतो, ‘लाफ्स हार्टिली’ बरं.

श्वासांचं खूप लिहावं लागतं, याची आधी कल्पना नसते. दचकून आत ओढला तर गॅस्प. सोडला तर साय, लिहिताना त्यात जीएच येतो. धापा टाकतोय तर पँट. घसा खाकरला तर ‘क्लिअर्स थ्रोट’, याला एक शब्द शोधत बसू नका.

दुखतंय म्हणून कण्हणं, इथे ग्रोन वापरा. मोन पण डिक्शनरीत सापडेल, पण त्याला दुसरा रंग आहे आणि हॉस्पिटलच्या सीनमध्ये तो नको. मी काय म्हणतेय ते कळलं असेल. बँग हा शब्द पण माणूस कर्ता असताना जरा जपूनच.

कुजबुज म्हणजे व्हिस्पर. मटर म्हणजे रागाने किंवा नाराजीने पुटपुटणं. मम्बल म्हणजे तोंडातल्या तोंडात, कळत नाही असं. सासू जाता जाता काहीतरी बोलते ते मटर, पाहुण्यांसमोर उभं केलेलं पोरगं कविता म्हणतं ते मम्बल.

पायरी ७: प्राणी, आणि कान कसा घडतो

यादी शाळेत झालेली असते म्हणून पळत जाते. घोडा खिंकाळतो, नेय. गाढव, ब्रे. शेळी-मेंढी, ब्लीट. हत्ती, ट्रम्पेट. साप फुत्कारतो, हिस. घुबड, हूट. पारवा घुमतो, कू. बेडूक डरांव करतो, क्रोक. घोटाळा होतो तो मांजर-कुत्र्यात: आपण दोघांनाही गुरगुर म्हणून जातो, पण मांजर मांडीवर खुशीत असेल तर पर, कुत्रा दात दाखवत असेल तर ग्राउल. पर लिहायच्या जागी ग्राउल गेलं की प्रेक्षक त्या मांजराच्या चावण्याची वाट बघत बसतो.

पावशा पक्षी तुम्ही ऐकला असेल, पावसाच्या तोंडावर एकसारखा ओरडतो. आपल्या शेतकऱ्याला तो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणतोय असं ऐकू येतं, हिंदीत तोच ‘पी कहाँ’ विचारतो, आणि उकाड्याने वैतागलेल्या गोऱ्या साहेबांना त्यात ‘ब्रेन फीवर’ ऐकू आलं, इंग्रजीत त्या पक्ष्याचं नावच ब्रेनफीवर बर्ड. पक्षी एकच! मग कॅप्शनमध्ये काय लिहायचं? पडद्यावर शेतकरी आभाळाकडे बघत असेल तर ‘हॉक-कक्कू कॉलिंग’ लिहा (पावशाचंच हे पुस्तकी इंग्रजी नाव), पात्राने ‘पेरते व्हा’ची नक्कल केली तर तो संवाद, तो तसाच राहतो. नुसतं ‘बर्ड साउंड’ लिहून सीन मारू नका.

पायरी ८: जाता जाता वाजणाऱ्या गोष्टी

गोष्ट लिहिणाऱ्यांसाठी ही फार छान सोय आहे. इंग्रजीत आवाजाचं क्रियापद घेऊन त्यातच हालचाल घालता येते. ‘द बस रंबल्ड अप द घाट’, म्हणजे बस घरघरत घाट चढली. ‘द कार स्क्रीच्ड टू अ हॉल्ट’, कर्रकन ब्रेक लागून थांबली. आपण ‘घरघरत’, ‘सणसणत’ असं आधी जोडतो आणि मग चढली, गेली म्हणतो, ते इंग्रजीत एकाच क्रियापदात मावतं.

पण आवाज त्या हालचालीनेच होत असला पाहिजे. चालताना बस घरघरते म्हणून चालतं. कुत्रा खोलीतून भुंकत बाहेर गेला याचं ‘द डॉग बार्क्ड आउट ऑफ द रूम’ होत नाही, कारण भुंकण्याने तो चालत नाही. तिथे ‘रॅन आउट बार्किंग’.

पायरी ९: फाइल पाठवायच्या आधी

आवाज चौकटी कंसात, छोट्या लिपीत, विशेषनाम सोडून कॅपिटल नाही. दिसतंय ते लिहायचं नाही, ऐकू येतंय ते लिहायचं: ‘ही इज अँग्री’ हा आवाज नाही, ‘शाउटिंग’ आहे. पडद्यावर दिसतच असलेला आणि कथेला काही न देणारा आवाज सोडून द्या, कप टेबलावर ठेवला की प्रत्येक वेळी ‘कप क्लिंक्स’ लिहिलंत तर वाचणारा दमतो. उलट दाराबाहेरची पावलं, जी दिसत नाहीत, ती कधीच सोडायची नाहीत, आणि जमलं तर कशी ते सांगा, ‘फुटस्टेप्स अप्रोचिंग स्लोली’.

फार हौस पण करू नका. २०२२ मध्ये स्ट्रेंजर थिंग्जच्या चौथ्या सीझनमधली ओलसर, चिकट आवाजांची कॅप्शन्स लोकांनी स्क्रीनशॉट काढून फिरवली होती, त्यानंतर नवीन पोरं साध्या चिखलात पाय पडला तरी दोन-दोन क्रियाविशेषणं लावून ‘स्क्वेल्च’ लिहायला लागली. तिथे राक्षस होता. तुमच्याकडे भातलावणी आहे, ‘मड स्क्वेल्चिंग’ पुरे.

एकदा पूर्ण फाइल आवाज बंद करून बघा. फक्त वाचत. जिथे कथा कळेनाशी होते तिथे काहीतरी राहिलंय. माझ्या दुसऱ्या टेस्टमध्ये असं बघताना सापडलं की मधेच सनई थांबते आणि मंडपातले सगळे वळून बघतात, आणि मी थांबल्याचं लिहिलंच नव्हतं. वाजत होती तेव्हा लिहिली होती. शांतता कथेसाठी असेल तर ती पण लिहायची असते, ‘म्युझिक स्टॉप्स अब्रप्टली’. ती ओळ घातली, फाइल पाठवली, तीन दिवसांनी पहिलं काम आलं, मिनिटाचा रेट बघून हसू आलं तो भाग निराळा.